वडिलोपार्जित नास्तिक

एसटी स्टँडवरून माझी ट्रंक डोक्यावर घेतलेला शाळेचा शिपाई पुढं आणि काखेत छत्री मारलेली मी मागं, अशी आमची वरात ओतूरच्या शाळेत शिरली. दारातूनच शिपायानं आवाज दिला, "राम राम गुर्जी! नव्या बाई आल्यात."

टेबलामागचे गृहस्थ चष्म्यावरून आमच्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "बाई आल्या ते दिसतंय. राम कुठं आहे?"

"त्यो न्हाई आला, गुर्जी," शिपाई म्हणाला आणि त्यानं ट्रंक खाली ठेवली. त्याला हे रोजचंच होतं.

मला मात्र घाम फुटला. स्वातंत्र्य येऊन चार-पाच वर्षं झालेली, माझी पहिलीच नोकरी, आणि हेडगुरुजी हे असे! मी मंचरची. आमच्या घरी देव इतके, की आधी त्यांची अंघोळ आणि बंबात पाणी उरलं तर आमची. वडील दीड तास पूजा करायचे आणि पाटावरून उठल्याबरोबर आईवर खेकसायचे. देवाबद्दल माझं मत तेव्हा बरं होतं, पूजेबद्दल फारसं नव्हतं. त्यामुळं या गुरुजींशी आपलं जमेल, असं मला आपलं उगाच वाटलं.

एकट्या बाईला गावात खोली कोण देणार? गुरुजींनीच आपल्या माडीवरची दिली. अट एकच, खोलीत देव आणायचा नाही. मी आणला नव्हताच. पण ट्रंकेत पुण्याच्या एका दुकानाचं कॅलेंडर निघालं, त्यावर कमळात बसलेली लक्ष्मी. गुरुजींनी कात्री मागवली, लक्ष्मी कापून वेगळी केली आणि तारखा माझ्या हातात दिल्या. "तारखा उपयोगाच्या आहेत," म्हणाले. लक्ष्मी त्यांनी बायकोकडं दिली, चूल पेटवायला. त्या माउलीनं ती दोन बोटांत अलगद धरून आत नेली. मी त्यांना मावशी म्हणायला लागले ते त्या दिवसापासून.

दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या आवाजानं जाग आली. जिन्यातून वाकून पाहिलं, तर गुरुजी, मावशी आणि त्यांचा एकुलता एक मुलगा भिंतीकडं तोंड करून ओळीनं उभे. मुलाचं नाव विवेक. देवाचं नाव ठेवलं तर हाक मारताना फुकटचं नामस्मरण होतं, म्हणून गुरुजींनी हे शोधून काढलेलं. गावानं त्याचा इवेक करून टाकला होता. हा इवेक गावातल्या डॉक्टरांकडं कंपाउंडर होता, लग्नाचा झाला होता, आणि तरी शाळेतल्या पोरासारखा ताठ उभा. तिघांचेही हात पाठीमागं धरलेले, कारण पुढं आले तर जोडले जातील ही भीती. गुरुजी सांगत होते आणि बाकीचे दोघं म्हणत होते, "भूत नाही. भविष्य नाही. नवस नाही. नशीब नाही. देव दगडात नाही, देव आभाळात नाही. जे आहे ते समोर आहे."

याला त्यांच्या घरात 'पाठ' म्हणत. अंघोळ केल्याशिवाय पाठ म्हणायचा नाही आणि पाठ झाल्याशिवाय चहा प्यायचा नाही. मध्येच कुणी शिंकलं तर पाठ पुन्हा पहिल्यापासून, कारण शिंकेला घाबरून आपण थांबलो असं कुणी म्हणायला नको. मावशींना बारा महिने सर्दी. कधीकधी चहाला साडेसात व्हायचे.

समोर म्हणजे भिंतीवर एक फोटो होता, गुरुजींच्या वडिलांचा. डोक्याला पागोटं, मिशा झुबकेदार, नजर अशी की बघणाऱ्यानंच खाली बघावं. त्यांनी म्हणे भटजीवाचून मुलाचं लग्न लावलं होतं आणि घरातले सगळे देव टोपलीत भरून मांडवी नदीत सोडून दिले होते. पाठ त्यांनीच रचलेला. फोटोला हार घालायची सक्त मनाई होती. मात्र रोज पाठाआधी गुरुजी तो ओल्या फडक्यानं पुसायचे, मग कोरड्या फडक्यानं पुसायचे, आणि शाळेला निघताना त्याच्यासमोर दोन क्षण उभे राहायचे. मी बोलायला पहिल्यापासून फटकळ. एकदा विचारलंच, "गुरुजी, हे काय करता?"

"धूळ बघतो," ते म्हणाले आणि चपला घालून निघाले.

"पुरावा काय?" हे त्यांचं पालुपद. भाजीवाली म्हणाली वांगी ताजी आहेत, की पुरावा काय? सरपंच म्हणाले यंदा शाळेची कौलं बदलू, की पुरावा काय? वर्गात पोरगं म्हणालं पोटात दुखतंय, तरी पुरावा काय? एका पोरानं तो तिथल्या तिथं त्यांच्या धोतरावर दिला. गुरुजी म्हणाले, "मान्य," आणि धोतर बदलायला घरी गेले.

एकदा आम्ही पोरांची सहल घेऊन आळ्याला गेलो. ज्या रेड्याच्या तोंडून वेद म्हणवले असं सांगतात, त्या रेड्याची तिथं समाधी आहे. मावशींचं माहेरही आळ्याचंच, म्हणजे गुरुजी सासुरवाडीला आलेले. जावईबापूंनी समाधीपाशी उभं राहून पोरांना प्रश्न टाकला, "रेड्यानं वेद म्हटले, याला पुरावा काय?" शेजारी एक म्हातारा तंबाखू मळत बसला होता. तो म्हणाला, "पुरावा काय म्हंजी? रेडा हितंच पुरलाय की, पावणं!" पोरं खिदळली. गुरुजींनी पोरांना ओळीत लावलं आणि परत फिरवलं. घरी आल्यावर मावशींना एवढंच म्हणाले, "तुझ्या माहेरचा रेडा वेद म्हणतो आणि माझ्या पाचवीला तेराचा पाढा येत नाही."

संध्याकाळी ते समोरच्या शिंप्याच्या दुकानात बसायचे. शिंपी मुसलमान, सगळा गाव त्यांना चाचा म्हणायचा. नमाजाची वेळ झाली की गुरुजीच घड्याळ बघून म्हणायचे, "जा, तुमचं आटपून या, मग बोलू." आणि चाचा येईपर्यंत दुकान सांभाळत बसायचे. त्या दोघांचं एक भांडण माझ्या कानांनी ऐकलंय. मी ब्लाउज न्यायला गेले होते.

"मास्तर," चाचा म्हणाले, "माझ्या बापानं सांगितलं कर, म्हून मी करतो. तुमच्या बापानं सांगितलं करू नको, म्हून तुमी करत न्हाई. यात फरक काय झाला, सांगा बरं."

"फरक पुराव्याचा. आम्ही तपासल्याशिवाय काही मानत नाही."

"मग तुमी तपासलंय व्हय, देव न्हाई म्हून?"

"म्हणजे काय! माझ्या वडिलांनी तपासलं होतं."

चाचांनी माझ्याकडं पाहिलं, मी चाचांकडं. त्यांनी मशीन पुन्हा सुरू केलं म्हणून बरं, नाहीतर मी तिथंच फस्सकन हसले असते.

पण माणूस खोटा नव्हता, हे सांगायला पाहिजे. एकादशीला घरात कांदाभजी झालीच पाहिजेत असा त्यांचा दंडक. आणि गावातलं एखादं पोर उपाशी दिसलं, तर ती भजी त्याच्या पुढ्यात आधी. पटकीची साथ आली तेव्हा लोक मरीआईला नारळ देत होते आणि गुरुजी विहिरीत औषध टाकत हिंडत होते. लोकांनी नंतर श्रेय मरीआईला दिलं. गुरुजींना त्याचं इतकं लागलं की दोन दिवस त्यांनी पाठ दुप्पट म्हणवून घेतला.

श्रावणी सोमवारी ओतूरच्या कपर्दिकेश्वराला कोरड्या तांदळाच्या पिंडी करतात. ना पाणी, ना पीठ, नुसते तांदूळ, आणि पिंड उभी राहते. बघायला ही झुंबड! लोक म्हणतात देवाची करणी. गुरुजी म्हणाले, हाताचं कौशल्य, दुसरं काही नाही, मी करून दाखवतो. सातवीची पोरं ओसरीवर आणून बसवली, पायलीभर तांदूळ मागवले आणि धोतराचा काचा मारून बसले. तांदूळ चढवावेत आणि ते घसरावेत. पुन्हा चढवावेत, पुन्हा भस्सकन खाली. पोरांच्या माना दुखायला लागल्या. गुरुजी म्हणाले, तांदूळ नवा आहे. मग म्हणाले, वारा येतोय, दार लावा. घामानं त्यांचे तळवे ओले झाले आणि तांदूळ बोटांना चिकटायला लागले.

तेवढ्यात मावशी केरसुणी घेऊन सांडलेले तांदूळ गोळा करायला आल्या. बघून त्यांना राहवलं नसावं. केरसुणी ठेवली, पदर खोचला, दोन्ही तळहातांनी तांदूळ असे काही दाबत, फिरवत, थापत नेले की बघता बघता पिंड उभी. एका पोराच्या तोंडून "हर हर महादेव" निघून गेलं.

"बघा!" गुरुजी ओरडले. "मी काय म्हणत होतो? देवाबिवाचं काही नाही, हे कौशल्य आहे!" आपल्या बायकोला हे कौशल्य कुठं आणि कसं आलं, याचा पुरावा त्यांनी मागितला नाही. पोरांना सुट्टी मिळाली आणि त्या तांदळाची मावशींनी रात्री खिचडी केली.

तसाच तो सायकलीचा प्रकार. विवेकची सायकल पंक्चर झाली. गुरुजी स्वतः ठिगळ लावायला बसले आणि सीटखालची चामड्याची पिशवी उघडली, तर भसकन पिवळी पूड पांढऱ्या धोतरावर. भंडारा! आंबेगावाकडं धामणीला खंडोबा आहे. हा गडी दवाखान्याच्या कामाला म्हणून जायचा आणि येताना भंडारा घेऊन यायचा, हे मला त्या क्षणी कळलं. विवेकचा चेहराही त्या पुडीच्याच रंगाचा झाला. गुरुजींनी चिमूट उचलून वास घेतला. "हे काय?"

"हळद, दादा," विवेक म्हणाला. "वाटेत पडलो-झडलो तर जखमेवर लावायला."

गुरुजींचे डोळे भरून आले हो! "शाब्बास! याला म्हणतात शास्त्रीय दृष्टी!" दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर, म्हणजे दुसऱ्या शाळांत जिला प्रार्थना म्हणतात आणि आमच्याकडं 'सकाळची सूचना' म्हणत, त्यानंतर, त्यांनी सगळ्या शाळेला हळदीचे गुण सांगितले. जगात कशावर विश्वास न ठेवणारा हा माणूस मुलानं काहीही सांगितलं तरी ते खरं धरून चालायचा. 

आता बाजरीच्या डब्याचं सांगते. मला ताप आला होता म्हणून मी शाळेला गेले नव्हते. पाणी प्यायला खाली आले, तर स्वयंपाकघरात मावशी कोपऱ्यातल्या पत्र्याच्या मोठ्या डब्यापुढं बसलेल्या, झाकण उघडं, आणि डब्यात तोंड घालून काहीतरी पुटपुटत होत्या. मला वाटलं, बाजरीत किडे झाले. जवळ जाऊन बघते तर बाजरीवर फडकं, फडक्यावर चांदीचा खंडोबाचा टाक, एक पितळी अन्नपूर्णा, एक रांगणारा बाळकृष्ण. आणि झाकणाच्या आतल्या बाजूला खळीनं चिकटवलेली माझी लक्ष्मी!

"अगं बाई!" मी म्हटलं.

मावशी दचकल्या नाहीत. म्हणाल्या, "बसा. आता बघितलंच हाय तर कुंकू लावून घ्या."

अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण त्यांनी लग्नात आळ्याहून आणलेले. खंडोबा सासरचा. "मामंजींनी देव नदीत सोडलं ना, तवा सासूबाई धुनं घिऊन खालच्या अंगाला गेल्या. गुडघाभर पान्यात हुडकत ऱ्हायल्या. बाकीचं गेलं व्हावून, ह्यो तेवढा गावला. मरताना माझ्या मुठीत दिला आन् म्हनल्या, डब्यात ठेव. पुरुषमानसं डब्यात हात घालीत न्हाईत."

"आणि विवेकला ठाऊक आहे?"

"त्याला कशाला सांगू? त्यो बापावानी हाय. सून येईल, तिच्या मुठीत दीन."

घ्या! आई लेकापासून लपवतेय, लेक आईपासून लपवतोय, आणि सकाळी दोघं ओळीत उभं राहून 'देव नाही' म्हणतायत. मी कुणालाच काही बोलले नाही. त्या घरात पुरुष पुरुषांना पाठ देत आले आणि बायका बायकांना डबा.

पुढं मावशी भाच्याच्या बारशाला आळ्याला गेल्या. भाकरीचं पीठ संपलं होतं. मी गुरुजींना म्हटलं, "जरा डब्यातली बाजरी काढून देता का, दळून आणते." मला गंमत करायची होती, दुसरं काय!

गुरुजी उठले, कोपऱ्यापर्यंत गेले आणि थांबले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "त्या डब्याला मी हात लावत नाही."

"का हो?"

"माझे वडीलही लावत नसत."

गुरुजी शेजाऱ्यांकडून पीठ घेऊन आले. त्या दिवशी मला त्यांची पहिल्यांदा माया वाटली.

त्याच संध्याकाळी ओसरीवर बसून ते माझ्याशी मोकळं बोलले, तसं कधी बोलत नसत. "बाई, इस्टेट म्हणाल तर माझ्याकडं काही नाही. आहे ते एवढंच. वडिलांनी मला दिलं, मी विवेकला दिलं. पण यानं ते खरंच घेतलंय का, हे मला कळत नाही. पाठ तोंडपाठ आहे. तोंडपाठ तर पोपटालाही होतं. मी गेल्यावर हा एका दिवसात भटजी बोलावून आणील, आणि मग वडिलांनी केलं ते आणि मी केलं ते सगळं पाण्यात गेलं म्हणायचं."

"मग करू दे की त्याच्या मनानं," मी म्हटलं. "तुम्हीच म्हणता ना, स्वतः तपासावं."

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी त्यांच्या घरात घंटा वाजवली. त्यांचा पुरावा मागण्याचा अधिकार सगळ्या जगावर चालायचा. मुलानं मात्र तो वापरायचा नव्हता. मी तेव्हा मनात हसले. आज तेवढं हसू येत नाही, कारण आईबाप झाल्यावर कळतं की आपलं बरं-वाईट जे आहे ते पोरांनी उचलावं, ही हाव देव मानणाऱ्यालाही सुटत नाही आणि न मानणाऱ्यालाही सुटत नाही.

दोन वर्षांनी गुरुजींना धाप लागायला लागली. डॉक्टरांनी हात टेकले. एका दुपारी त्यांनी विवेकला जवळ बोलावलं. मी उशाशी होते, मावशी पायांशी. गुरुजी म्हणाले, "दहावा घालायचा नाही. डोकं भादरायचं नाही. पिंड नाही, कावळा नाही. शब्द दे."

"दिला, दादा."

गुरुजी धापा टाकत म्हणाले, "पुरावा काय?"

विवेकनं बापाचा हात घट्ट धरला, पण तो काही पुरावा नव्हे. गुरुजींनी डोळे मिटून घेतले. त्यानंतर ते चारच दिवस होते, आणि त्या चार दिवसांत त्यांनी मुलाला पाठ म्हणायला सांगितलं नाही. मला ते बघवत नव्हतं.

गुरुजी गेले आणि तिसऱ्या दिवशी मावशींनी तोंड उघडलं. आळ्याहून त्यांचा भाऊ आला होता, त्याच्यासमोरच त्या विवेकला म्हणाल्या, "दहावा घालायचा."

"आई, मी शब्द दिलाय."

"तू दिलास, म्या न्हाई. जल्मभर त्यांचं ऐकलं, एकदा माझं ऐक. त्यो मानूस तिकडं कुटंतरी अडकून ऱ्हायला म्हंजी? एकटा? त्यांना तर देवाला हाक मारायची बी सवय न्हाई रे!" एवढं बोलून त्यांना जे रडू फुटलं, ते गुरुजी गेले त्या दिवशीही फुटलं नव्हतं. आता यावर कोणता मुलगा नाही म्हणेल? विवेकनं मान डोलावली.

दहाव्याला मांडवीच्या घाटावर गाव लोटला. गावातला एकुलता एक नास्तिक पिंडाला कसा येतो, हे कुणाला बघायचं नव्हतं? शाळा बंद ठेवली होती. चाचाही आले होते. विवेकनं डोकं केलं, भटजींनी सांगितलं तसं सगळं केलं आणि भाताचा पिंड मांडून आम्ही मागं सरलो. गुरुजींना आवडायची म्हणून कांदाभजी ठेवली होती. कुणीतरी बाजूला खडूही ठेवला होता.

समोरच्या उंबरावर कावळे होते. ते मान वाकडी करून बघत होते, पण उतरायला एकही तयार नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे, की कावळा शिवला नाही म्हणजे गेलेल्याची काहीतरी इच्छा राहिली, आणि मग घरच्यांनी एकेक बोलून बघायचं. 

मावशींचा भाऊ पुढं झाला, हात जोडून म्हणाला, "दाजी, ताईची काळजी करू नका, मी हाय." कावळा ढिम्म. "इवेकाचं लगीन यंदा करून टाकतो." ढिम्म. सरपंच खाकरून म्हणाले, "गुर्जी, शाळेची कौलं या सालीच बदलतो. सगळ्यांदेखत सांगतो." एका कावळ्यानं पंख झाडले. सगळे सावरून उभे राहिले, तर तो आणखी वरच्या फांदीवर जाऊन बसला. 

"त्याला खरं वाटत न्हाई," चाचा हळूच म्हणाले. "मास्तरचाच कावळा त्यो. पुरावा मागतोय."

ऊन चढलं. भटजींना पलीकडच्या गावात दुसरा दहावा होता, त्यांनी दर्भाचा कावळा करायला घेतला. म्हणजे गवताच्या कावळ्याचा पिंडाला स्पर्श करायचा आणि मोकळं व्हायचं.

तेवढ्यात मावशी बायकांतून उठून पुढं आल्या. कपाळ मोकळं, पदर डोक्यावरून घट्ट. उंबराकडं एकदा बघितलं, मग लेकाकडं. त्या माणसाबरोबर तीस वर्षं काढलेली बाई ती. "इवेक," त्या म्हणाल्या, "सांग त्यांना. पुन्ना असलं करनार न्हाई म्हन."

विवेक चटकन पुढं झाला. वडिलांपुढं उभा राहायचा तसा ताठ उभा राहिला, आणि त्याचे हात आपोआप पाठीमागं गेले. "दादा, चुकलो मी," तो ओरडलाच. "पुन्हा असलं काही करणार नाही. श्राद्ध नाही, पक्ष नाही, देव नाही. कधीच नाही."

वरच्या फांदीवरचा कावळा सरळ खाली आला. पिंडाला चोच लावली, एक भजं उचललं आणि गेला.

मग सगळ्यांनी एकदम हात जोडले. सरपंचांनी जमिनीला कपाळ टेकलं. भटजींच्या हातातला दर्भ गळून पडला. ते म्हणाले, "एवढ्या वर्षांत मी असं पाहिलं नाही. फार मोठा आत्मा!" आणि त्या क्षणापासून ओतुरात गुरुजी जागृत झाले. परीक्षेच्या दिवसांत पोरं त्यांच्या खुर्चीच्या पाया पडायला लागली. एका आईनं त्या खुर्चीला नारळ दाखवलेला मी स्वतः पाहिला. कौलंही त्याच साली बदलली, कारण कावळ्यादेखत कबूल केलेलं कोण मोडणार?

मावशी मात्र त्या दिवशी घाटावरून घरी आल्या, त्या कितीतरी हलक्या होऊन. माणूस सुटला होता. बाराव्या-तेराव्याची गडबड उरकल्यावर त्यांनी डबा उघडला, देव बाहेर काढले, चिंचेनं लख्ख घासले आणि स्वयंपाकघरातल्या फळीवर मांडले. दिवसाढवळ्या, वर एक झेंडूचं फूल. नव्या नवरीसारख्या त्या फळीकडं बघत उभ्या होत्या. मीही बघत होते.

विवेक दवाखान्यातून आला. त्यानं फळी पाहिली. ओरडला नाही, काही नाही. शांतपणे म्हणाला, "आई, हे ठेवून दे. मी दादांना शब्द दिलाय, कावळ्यानं तो घेतलाय."

"अरे, पर त्यो श्राद्धाचा..."

"देव नाही असंही म्हणालो होतो मी. सगळ्यांनी ऐकलंय."

मी मध्ये पडले. गप्प बसणं मला कधी जमलंय? "विवेक, अरे देवावरचा विश्वास उडाला आणि कावळ्यावर बसला? हा कसला नास्तिकपणा?"

"बाई," तो म्हणाला, "इतकी वर्षं मी नुसतं तोंडानं म्हणत होतो. आता पुरावा मिळाला."

यावर काय बोलणार, कपाळ! त्याच्या सायकलीच्या पिशवीत मी नंतर मुद्दाम डोकावले. आत फक्त ठिगळं आणि सोल्यूशनची नळी होती. सकाळचा पाठ पुन्हा सुरू झाला, अंघोळ करून, हात पाठीमागं. भिंतीवर आता दोन फोटो होते. दोन्ही ओल्या फडक्यानं, मग कोरड्या फडक्यानं. गुरुजींना जी रात्रंदिवस काळजी होती, ती एका कावळ्यानं मिटवली. त्यांच्या जन्मभराच्या शिकवणीला ते जमलं नव्हतं.

पुढच्या वर्षी माझी बदली जुन्नरला झाली. निघायच्या दिवशी शिपाई ट्रंक घ्यायला आला. मी मावशींच्या पाया पडायला स्वयंपाकघरात गेले, तर त्या बाजरीच्या डब्यापुढं बसलेल्या, झाकण उघडं. मला बघून त्यांनी कुंकवाचा करंडा पुढं सरकवला. मी माझं मी लावून घेतलं. म्हटलं, "मावशी, तुमच्यावर अन्यायच झाला बघा. तुम्हीच त्याला बोलायला सांगितलंत आणि तुमचेच देव परत डब्यात."

त्यांनी बाळकृष्णाच्या अंगावरचा बाजरीचा दाणा टिपला. झाकण लावलं, त्यावर हात ठेवला.

"असू द्या, बाई. बापाचं ऐकतोय, वंगाळ काय करतोय?" त्या म्हणाल्या. मग खिडकीतून बाहेर, नदीकडच्या झाडांकडं बघितलं आणि गालातल्या गालात हसल्या. "मला बी एक दिस जायचंच हाय न्हवं? माझा दहावा घालील तवा बघून घीन. देव फळीवर मांडल्याबिगर कावळ्याला शिवू द्यायची न्हाई म्या."